न निवडलेली मोहफुलं

डिंपलची जिरवायची, हे रीतानं मागच्या हिवाळ्यातच ठरवून टाकलं होतं. फक्त संधी मिळत नव्हती. दोघी सख्ख्या जावा, एकाच अंगणात दोघींच्या चुली, आणि रोज सकाळी डिंपलचा गोड आवाज यायचा, "ताई, चहा झाला काय?" त्या गोड आवाजानंच रीताचं डोकं फिरायचं. जिनं आपलं सगळं उचलून नेलं तिनं वर चहाची चौकशी करावी, हा निर्लज्जपणा नाही तर काय!

उचलून नेला होता तो पानगा, पानात भाजायचा गोड पदार्थ. नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, अतुल नावाच्या तरुणानं पाहुण्यांसाठी तंबू टाकले होते. नागपूरची माणसं शनिवारी यायची, शेकोटीभोवती बसायची आणि जेवण झालं की काहीतरी गोड मागायची. अतुलनं आधी गुलाबजाम ठेवून पाहिले. थंडीत त्यांचे दगड व्हायचे. रीता तेव्हा तिथे भाकरी थापायला जायची. एका शनिवारी तिनं घरूनच तांदळाचं भाजलेलं पीठ, गूळ आणि वाळलेली मोहफुलं मळून नेली, एकेक गोळा पळसाच्या पानात गुंडाळला, पानाला बांबूची काडी टोचली आणि डबा अतुलपुढे ठेवला. पाहुण्यानं आपल्या हातानं पुडी निखाऱ्यात सारायची, पान करपलं की ओढून काढायची आणि फुंकर मारत खायची. ताट नको, चमचा नको, खरकटं नको. लोक वेडे झाले. उरलेल्या पुड्या भाजून, जॅकेटच्या खिशात घालून सकाळी जंगलातसुद्धा न्यायला लागले.

आणि नेमका तेव्हा रीताला टायफॉईड झाला.

"तुम्ही झोपा ताई, मी सांभाळते," डिंपल म्हणाली. तिनं सांभाळलं, आणि इतकं झकास सांभाळलं की रीता अंथरुणातून उठली तोवर पानगा डिंपलचा झाला होता. कल्पना कोणाची याची फिकीर न करता अतुलनं मोबाइलवर व्हिडिओ टाकला होता. त्यात डिंपल ठेवणीतली साडी नेसून, काडीनं निखारे सारत सांगत होती, "हे माझंच डोकं आहे. आमच्या इकडं असं कोणी करत नाई."

रीतानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. दर वेळी शेवटपर्यंत, न जाणो शेवटी तरी आपलं नाव येईल म्हणून. ते कधी आलं नाही. काम गेल्याचं तिला तेवढं दुःख नव्हतं, भाकरी काय, कुठेही थापता येते. पण आयुष्यात एक गोष्ट तिनं स्वतःच्या डोक्यानं केली होती. लोकांनी तिला नावाजावं एवढीच तिची इच्छा होती, आणि नेमकं तेच नाव दुसरीनं गिळलं होतं.

तरी मोहफुलं मात्र रीताकडूनच जायची. शेतीची वाटणी झाली तेव्हा मोहाचं झाड रीताच्या धानाच्या बांधीवर आलं, पण झाड एकाचं झालं तरी फुलं दोन्ही घरांनी खायची, हा त्यांच्या घराचा रिवाज. आणि निवडायचं काम रीताचं. वाळलेल्या मोहफुलाच्या पोटात बारीक केसर राहतं. ते एकेक फूल चिमटीत धरून काढावं लागतं, नाहीतर घशाला असं धरतं की माणूस खोकून बेजार होतो. हात चिकट होतात, मान दुखते. डिंपलला त्याचा भारी कंटाळा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिचा डबा रीताच भरून द्यायची. भांडण असो की अबोला, डबा निवडलेल्या फुलांनीच भरलेला असायचा. डिंपलनं कधी आत हात घालून पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती डबा घेऊन आली. "ताई, उद्या नागपूरच्या बायकांचा मोठा ग्रुप येऊन राहिला. त्यायले आवडलं त अतुलभाऊ पूर्ण सीझनचं काम पक्कं करतो म्हणते. फुलं थोडी जास्त द्याजा. आन् उद्या तुम्ही बी चला माझ्यासंग."

"मी कायले?"

"चला न ताई. पाहा तरी."

पाहा म्हणे! स्वतःच्या आरत्या ओवाळून घेणार आणि टाळ्या वाजवायला मला नेणार, रीताच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "येते न. काहून नाई येईन?"

डिंपल गेल्यावर तिनं घरातलं पोतं ओढलं. ते न निवडलेल्या फुलांचं. ओंजळी भरभरून तिनं डब्यात टाकली. वाईट वाटलं का? मुळीच नाही. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. डबा भरत आला तेव्हा ती थांबली, उठली, निवडलेल्या फुलांची एक ओंजळ आणून वर नीट पसरली. झाकण उघडलं तर वरची फुलं स्वच्छ दिसावीत. एवढं करून ती चूल पेटवायला गेली, आणि चक्क गुणगुणत होती.

चाखून पाहिलं असतं तर डिंपलला कळलं असतं. पण पाहुण्यांच्या आधी घरच्या बाईनं तोंडात टाकायचं नाही, ही सासूची शिस्त दोघींच्या अंगात मुरलेली. तेही रीतानं गृहीत धरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी शेकोटी पेटली. नागपूरच्या बायका शाली पांघरून बसल्या. त्यांची पुढारी उर्वशी नावाची एक हसरी बाई होती. डिंपलनं हातोहात पुड्या वाटल्या. बायकांनी खिदळत त्या निखाऱ्यांत सारल्या. करपत्या पळसाचा वास सुटला. रीता जरा मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आता होऊ दे, ती मनात म्हणत होती. आता सगळ्यांसमोर होऊ दे.

उर्वशीनं मोबाइल समोर धरला. "हं, ताई, सांगा बरं, ही तुमची आयडिया ना?"

"नाई," डिंपल म्हणाली.

रीतानं मान वर केली.

डिंपल आगीच्या उजेडात उभी होती आणि पदराशी चाळा करत होती. "ह्या माझ्या जाऊबाई. रीताताई. पानगा यायचा, ताईचा आहे. मागच्या साली मी व्हिडिओत म्हटलं का माझं डोकं आहे, ते खोटं होतं. यायले टायफॉईड झाला होता, मी यायच्या जागी आली न यायचं नावच खाऊन बसली. मले लाज वाटते. म्हणून आज यायले संग आणलं. इथलं काम मिळालं त दोघी मिळून करू." मग जरा हसून तिनं पुढे जोडलं, "फुलं बी यायनंच निवडली. यायच्या हातचं डोळे झाकून खावा."

टाळ्या पडल्या. सगळ्या बायका मागे वळून रीताकडे पाहायला लागल्या.

पुड्या अजून निखाऱ्यांतच होत्या. "थांबा, खाऊ नका," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द रीताच्या ओठांवर आलेही. पण पाठोपाठ संताप उसळला. आता बोलते ही? वर्षभर मिरवून झालं, आणि आता मोठेपणा दाखवते? मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडले ते कोण भरून देणार? आणि थांबा म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. रीतानं ओठांवरचे शब्द गिळून टाकले.

बायकांनी पानं उलगडली. "वा!" उर्वशी म्हणाली आणि दुसऱ्या घासाला तिला ठसका लागला. मग तिच्या शेजारणीला. बघता बघता शेकोटीभोवती नुसती खोकल्याची माळ लागली. कोणी पाणी मागितलं, कोणी रुमालात थुंकलं, कोणी म्हणालं, "अहो, घशात काय टोचतंय हे?"

अतुल धावत आला. तो इथलाच पोरगा. त्यानं एक पानगा मोडला, टॉर्चखाली धरला आणि डिंपलपुढे केला. "हे पाहा. केसर जसंच्या तसं. फुलं निवडलीच नाई तुम्ही."

"होऊच नाई शकत," डिंपल म्हणाली. "ताईनं निवडली. ताईच्या हातून असं होतच नाई."

अतुल वळला. "रीताताई, ही फुलं तुम्ही निवडली?"

सगळ्या नजरा पुन्हा तिच्यावर आल्या. हो म्हणावं तर हा सगळा खोकला तिच्या नावावर. आणि नाही म्हणावं तर ते खरंच होतं.

"नाई," रीता म्हणाली. "मी नाई निवडली."

अक्षर न् अक्षर खरं होतं. अतुलनं डिंपलकडे अशी नजर टाकली की तिनं मान खाली घातली. जे पाहायला रीता वर्षभर तडफडत होती ते तिच्या समोर होतं, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

डिंपल खाली बसली. पायाशी डबा होता, त्यात मळताना उरलेली थोडी फुलं. तळातलं एक फूल तिनं चिमटीत धरलं, फोडून पाहिलं. मग दुसरं. मळायला बसताना तिनं वरची ओंजळ पाहिली होती, ती स्वच्छ होती, हे तिला आठवलं असावं. तिनं रीताकडे पाहिलं. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर रीता तयार होती, उत्तरं पाठ होती. डिंपलनं फुलं परत डब्यात टाकली. पदरानं हात पुसून ती उठली.

"बरोबर आहे," ती अतुलला म्हणाली. "यायनं नाई निवडली. यायचा काही संबंध नाई. चूक माझी आहे."

"मग पुढच्या शनिवारपासून गोड बंद," अतुल म्हणाला. "मले पाहुण्यायची रिस्क नाई पायजे. हा पानगा इथं परत नको, कोणाच्याच हातचा."

उर्वशी डोळे पुसत मोबाइलकडे पाहत होती. "अन् ते मघाशी तुम्ही बोललात, ह्यांचा पदार्थ, ह्यांचं डोकं, ते रेकॉर्ड झालंय. त्याचं काय करू?"

डिंपलनं रीताकडे न पाहताच उत्तर दिलं. "काढून टाका. मी उगाच यायचं नाव घेतलं."

रीता खुर्चीतून अर्धी उठली. काढू नका, म्हणायला तिनं तोंड उघडलं. उर्वशीनं स्क्रीनवर अंगठा दाबला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.