नकाशावरचा कप

“ह्याला काय घरची बशी वाटली व्हय,” असं पुटपुटत धोंडाबाईने पाहुण्याच्या कपातून माझ्या अंगावर सांडलेला चहा पदराने टिपला. शाळेची खिचडी शिजवणारी ही बाई. खोलीत आणखी चार माणसं होती, पण त्या कपाबद्दल दुसऱ्या कोणी चकार शब्द काढला नाही.

मित्रांनो, वडिवळ्याजवळच्या एका शाळेत टेबलावर अंथरलेला जगाचा जुना नकाशा म्हणजे मी. शंभरीला टेकलोय. घड्यांवर फाटलोय. आफ्रिकेच्या पोटावर पेल्याचा गोल डाग आहे, तो कशाने जात नाही.

माझा जन्म विलायतेतल्या छापखान्यात झाला. पाव अंग गुलाबी छापलं, कारण तेवढी पृथ्वी तेव्हा एकाच राजाची होती. मला केवढा अभिमान त्या रंगाचा! तिथून खंडाळ्याला आलो, रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यात. साहेब पाहुणे बोलवायचा, मला मेजावर पसरायचा. एकदा त्याने पट्टी घेऊन वाळवंटातून सरळ रेघ ओढली. अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं, असं पाहुण्याला म्हणाला. तिथे राहतं कोण, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. पाहुणा खो खो हसला आणि त्याने पेला आफ्रिकेवर ठेवला. हा साहेब रुळांचा, राज्यांचा नव्हे. त्याच्या रेघेने जगात काही हललं नाही. पण खऱ्या रेघाही अशाच ओढल्या गेल्या, हे मला पुढे वर्गात कळलं, आणि जी शिसारी बसली ती बसलीच.

साहेब गेला, मी शाळेत आलो. मास्तरांनी माझ्या गुलाबी अंगावर नव्या देशांचे रंगीत कागद चिकटवले. मुलं बोट फिरवून ते देश शोधायची. बोटांना चिंचेचा वास असायचा. ते माझे सुखाचे दिवस. वाटलं, सुटलो बुवा.

कसला सुटतोय! वर्गात धडे ऐकत गेलो आणि वीट येत गेला. रोम आलं, मंगोल आले. स्पेन आणि पोर्तुगालने न पाहिलेला समुद्र रेघ मारून वाटून घेतला. मग दोन बलाढ्य देश आले, भांडण त्यांचं आणि तुडवली दुसऱ्यांची शेतं. प्रत्येक जण म्हणे, आम्ही तुमच्या रक्षणाला आलो. आता कोणी धरण बांधून देतो, कोणी बंदर. छोटे देश मान खाली घालून सही करतात, आणि खाली छापून येतं, सर्वांच्या संमतीने.

पुढे वर्गात पडदा आला, त्याच्यावर जग हलायला लागलं, आणि मी कपाटामागे उंदरांच्या स्वाधीन झालो. मागच्या शनिवारी मला बाहेर काढलं. हरखलो मी. पण टेबलावर घालायला चादर सापडेना, म्हणून काढलं होतं.

धरणाकाठी रिसॉर्ट असलेले आदिनाथशेठ येणार होते. शाळेचे पत्रे त्यांनी दिलेले, पाण्याचं यंत्रही त्यांचं. आता त्यांना गाड्या लावायला शाळेचं मैदान हवं होतं. आमच्याकडे बैठकीत नारळ ठेवला की गोष्ट ठरली, त्यानंतर आडवं बोलणं अशुभ. शेठने आधी नारळ ठेवला, मग विषय काढला. नारळ माझ्या हिंदी महासागरावर, कप युरोपावर. पेन काढून मैदानाचं फाटक कुठे येईल ते माझ्याच अंगावर आखून दाखवलं. रेघ तीन देशांतून गेली.

खिडकीबाहेर पोरी खोखो खेळत होत्या. मैदान गेलं की हा खेळही गेला, हे आत सगळ्यांना ठाऊक. मुख्याध्यापिका माधवीबाईंना बदलीची भीती. समितीतल्या ताजुद्दीनभाईंच्या भाड्याच्या गाडीला गिऱ्हाईक रिसॉर्टचं. बाहेर त्यांचीच मुलगी रुमाईसा पळत होती, त्यांनी तिकडे पाहणंच टाळलं. शाळा समितीचे अध्यक्ष गेणूआबा. त्यांचा मुलगा शेठकडेच ड्रायव्हर. आबा आजवर एकच वाक्य बोलत आले होते, तुमी म्हणाल तसं.

“एकमताने मंजूर, असं लिहा बाई,” शेठ म्हणाले.

माधवीबाईंनी पेनचं टोपण काढलं. मला साहेबाचं मेज आठवलं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं आता किती राहिलंय? पण कोणी गप्प बसलं, तर त्याने होकार दिला असं समजू नका. तो का गप्प आहे, ते विचारा. माझ्या अंगावरच्या कितीतरी रेघा त्या एका प्रश्नावाचून पडल्या आहेत.

गेणूआबा उठले. त्यांनी आधी युरोपावरचा कप उचलून खिडकीत ठेवला. मग नारळ उचलला. तो त्यांनी शेठच्या ओंजळीत नेऊन दिला.

“शेठ, ह्ये एकमत न्हाई,” आबा म्हणाले. “आमी समदे तुमाला भितो.”