जिथे फोडणी चालत नाही

चारधाम झालं, बारा ज्योतिर्लिंगं झाली, आणि यांतला एकही देव दगूबाईनं धड पाहिलेला नव्हता. देवांचा त्यात काही दोष नव्हता. ते बिचारे आपापल्या गाभाऱ्यात उभेच होते. दोष धानोऱ्याच्या पाटील भाऊबंदकीच्या पोटाचा होता.

या भाऊबंदकीची यात्रेची एक रीत होती. एकट्यादुकट्यानं जायचं नाही, निघायचं तर अख्खी बस भरून. आणि बाहेरचं अन्न तोंडाला लावायचं नाही. म्हणून बसच्या टपावर शेगडी, सिलिंडर, पिठाचे डबे, मिरचीचं पोतं आणि गोधडीत गुंडाळलेलं दगूबाईचं खापर. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. त्यावर ती पुरणाचे मांडे टाकायची, कोपरापर्यंत हातावर पसरलेले, पातळ, आरपार दिसतील असे. असे मांडे पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हते, आणि हेच तिच्या मुळावर आलं होतं. धर्मशाळा आली की पुरुषमंडळी आंघोळ करून दर्शनाच्या रांगेत, आणि दगूबाई खापरापाशी. केदारनाथला तर ती वर गेलीच नाही. खाली गौरीकुंडात बसून वरून उतरणाऱ्या भक्तांसाठी पिठलं-भाकरी करत राहिली. तिचे दीर छगनआप्पा वरून अंगारा घेऊन आले, तिच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "वहिनी, पुन्य तुम्हलेच जास्ती." एवढं बोलून त्यांनी चौथी भाकरी ताटात ओढली.

अमेरिकेतही तेच झालं. लेक रुपा तिकडे असते. तिच्या बाळंतपणाला दगूबाई गेली, सहा महिने राहिली, आणि अमेरिका तिनं पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून. एक पार्किंग आणि एक खार. खार बरी होती.

नवरा गेला, वर्षं झाली, आणि दगूबाईला एक दिवस लख्ख कळलं की आता आपण कुणाला घाबरायचं काही कारण उरलेलं नाही. ते कळलं दुपारी, टीव्हीसमोर, हरभरे सोलताना.

टीव्हीवर एक गोरी बाई तंबूसमोर उभी राहून हातवारे करत होती. मागे निळाजांभळा बर्फाचा डोंगर, त्याचा कडा धाडकन पाण्यात कोसळत होता, आणि नदीत एक अस्वल उभ्या उभ्या मासा पकडत होतं.

"काय म्हनस व ती?" दगूबाईनं सुनेला विचारलं.

सून दीपमाला शेजारीच बसली होती. बीए झालेली, इंग्रजी कळणारी, आणि सासूबरोबर टीव्ही पाहताना तिचा दुभाष्या होणारी. ती म्हणाली, "अलास्का आहे आई. अमेरिकेच्या पार वर, उत्तरेला. ती सांगतेय की तिथं तंबूजवळ स्वयंपाक करायचा नाही. अस्वलाला कोसांवरून वास लागतो. तळण नाही, मसाला नाही. लिमलेटची गोळीसुद्धा तंबूत ठेवायची नाही, दूर नेऊन लोखंडी पेटीत बंद करायची."

"फोडनी?"

"फोडणी दिली तर अस्वल थेट पंगतीला."

"मंग खातस काय?"

"पाकिटातलं सुकं. त्यात गरम पाणी ओतायचं, झालं."

दगूबाईच्या हातातला हरभरा हातातच राहिला. अशीही एक जागा देवानं केलेली आहे, जिथं बाईनं फोडणी द्यायला कायद्यानं बंदी आहे! आणि आपल्याला सहासष्ट वर्षं कुणी सांगितलंसुद्धा नाही! तिला आधी राग आला आणि मग भरूनच आलं.

"दीपा," ती म्हणाली, "माले तठे जानं शे."

रात्री जेवायला बसल्यावर तिनं मुलाला सांगितलं. हेमकांत नंदुरबारच्या एका शाळेत मुख्याध्यापक. घरात तो अहिराणी बोलायचा, पण विषय गंभीर असला की शाळेतलं मराठी काढायचा. त्यानं तेच काढलं. "आई, या वयात असा अविचार बरा नव्हे. जायचंच असेल तर पुन्हा एकदा काशीला जाऊ. अलास्कात आहे काय? तिथं देव तरी कोणता?"

"देव नही, म्हनीसन तर जाई ऱ्हायनी," दगूबाई म्हणाली.

पैशाचं कारण हेमकांतला काढता आलं नाही, कारण पपईची बाग दगूबाईच्या नावावर होती. व्हिसाचंही काढता आलं नाही. रुपाच्या बाळंतपणाच्या वेळी आई, मुलगा, सून अशा तिघांचेही व्हिसे निघाले होते, आणि ऐनवेळी गेली होती एकटी म्हातारी. रुपानं तिकडून सगळं ठरवायला घेतलं: विमान, पुढं छोटं विमान, तंबूंचा मुक्काम, वाटाड्या. दीपमाला फोनवर बोलायची, दगूबाई शेजारी बसून ऐकायची, आणि मधेच विचारायची, "फोडनी नही ना पक्कं?"

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग छगनआप्पा उना, म्हणजे आले.

आप्पा आले की ओटीवर बसत आणि बसले की पान लावत. पान लावता लावता त्यांनी बातमी ऐकली आणि त्यांचा हात थांबला. "एकली? आमनी वहिनी एकली जाई? लोक आमना तोंडवर थुंकतीन!" आणि पान तोंडात गेलं तोवर आप्पांनी भाऊबंदकीची तेवीस माणसं अलास्काला काढलेली होती. बस कुठपर्यंत जाईल, एवढंच विचारायचं बाकी होतं. व्हिसाचं काय, असं हेमकांतनं विचारलं, तर म्हणाले, "नंदुरबारले आपला मानूस शे."

आठवड्याच्या आत स्टॉपवर फ्लेक्स लागला. 'अलास्का अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' मध्ये फेटा बांधलेले छगनआप्पा, उजवीकडे पांढरं अस्वल, आणि खाली दोन ओळींत तेवीस माणसांचे गोल फोटो. एकाचाही पासपोर्ट नव्हता. दगूबाईचा फोटो मात्र राहून गेला होता. "जागा नही उरनी," आप्पा म्हणाले.

त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या बैठकीत. तिच्याच ओटीवर, तिच्याच सुनेनं केलेला चहा पीत, मंडळी सामान ठरवत होती. काळा मसाला किती, बिबडे किती, लसणाची चटणी ओली की सुकी, शेवभाजीची शेव इथून न्यायची की तिकडेच तळायची. आणि आप्पा डोळे मिटून म्हणाले, "देखा, बर्फवर बसनूत, समोर अस्वल, आनि वहिनीना हातना गरम गरम मांडा! सात पिढीमा कोन्ही खादा नसतीन!" सगळ्यांनी माना डोलावल्या. "खापर गोधडीमा नीट बांधा हो वहिनी, विमानमा आदळी."

दगूबाई उठून आत गेली आणि कोठीत जाऊन रडली. तिथं खापर होतंच, कोनाड्यात पालथं, काळंकुट्ट. पृथ्वीच्या टोकाला गेलं तरी हे मेलं पाठ सोडणार नाही, असं तिला वाटलं. दीपमाला मागून आली, पदर पुढं केला. दगूबाईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "रुपाले फोन लाव. सगळासमोर."

दुसऱ्या रविवारी ओटीवर टीव्हीला फोन जोडला आणि रुपा पडद्यावर आली, तोंड भिंतीएवढं. भाऊबंदकी सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. दगूबाई कोपऱ्यात, गरीब गाय.

रुपानं नियम सांगायला सुरुवात केली. तळण नाही. फोडणी नाही. मसाला तर सोबत आणायचाच नाही.

"अस्वलले काय मिरची खपत नही," आप्पा हसून म्हणाले. "आपली नंदुरबारनी मिरची! एक भजं दिधं का डायरेक्ट कॅनडा!"

"आप्पा, अस्वल जाणार नाही, तुम्ही जाल. गाईड दुसऱ्या दिवशी विमानात बसवून परत पाठवतो."

आप्पांचं हसू जरा आवरलं. कुणीतरी चाचरत विचारलं, दशम्या? त्या पेटीत. शेव? पेटीत. पेटी कुठं? तंबूपासून शंभर पावलांवर. रात्री भूक लागली तर? नाही उठायचं. मग जेवायचं काय? रुपानं एक पाकीट उघडून दाखवलं, त्यात भुसा होता. त्यावर पाणी ओतलं. भुसा ओला झाला. तिनं तो चमच्यानं खाऊनही दाखवला, आणि सतरंजीवरून "अरेरे" असा एक सूर उठला, एखाद्याच्या घरी मयत झाल्यासारखा.

"आनि सकाळले?" मागून एकानं विचारलं.

"फावडं मिळतं. लांब जायचं, खड्डा करायचा."

"ते जमी," आप्पा धीरानं म्हणाले. "ते आपले नवं नही."

"जाताना मोठ्यानं गाणं म्हणत जायचं. म्हणजे अस्वलाला कळतं माणूस आहे."

आता मात्र आप्पांचाही चेहरा उतरला. मग त्यांनी हळूच कमरेची चंची काढून पडद्यासमोर धरली. "रुपा, बेटा, ही?"

"तंबाखू? पेटीत, आप्पा."

"रातभर?"

"रातभर."

छगनआप्पा उठले. त्यांच्या गुडघ्यात गेल्या पावसाळ्यापासून कळ येत होती, ती त्यांना आत्ता आठवली. एकाला मिरचीची तोडणी आठवली, दुसऱ्याला मेव्हण्याचं लग्न. चहा व्हायच्या आत ओटी रिकामी झाली. फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरला आणि मिरची वाळवायच्या पथारीवर अंथरला गेला. महिनाभर आप्पांच्या फेट्यावर मिरच्या वाळत होत्या.

पण रुपाचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "दादा," ती हेमकांतला म्हणाली, "आईच्या वयाच्या माणसाला तंबूत एकटं झोपू देत नाहीत. सोबत कुणीतरी पाहिजे. व्हिसा तुझा आहे नाही तर वहिनीचा."

हेमकांतनं पाकिटातला भुसा पाहिला होता. फावडंही ऐकलं होतं. मुख्याध्यापकानं अस्वलासमोर गाणं म्हणायचं, हेही त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. "मला रजा मिळणार नाही," तो म्हणाला. "दीपमाला जाईल, पण मग... इथं माझ्या जेवणाची व्यवस्था?"

"देख भो," दगूबाई कोपऱ्यातून म्हणाली. गरीब गाय आता उठून उभी राहिली होती. "एक तर तंबूमा ये, नही तर चूलपान जाय, तुन्हं तू रांध. काय करस, सांग."

हेमकांतनं डोकं खाजवलं आणि मधला मार्ग काढला, शाळेत काढायचा तसाच. दीपमालानं जावं, पण जाण्याआधी सगळं करून फ्रिजमध्ये ठेवावं. भाज्या डब्यात, पोळ्या कापडात, वाटणं वाट्यांत. दीपमाला म्हणाली, "ठेवते ना." दगूबाईला हे बरंच वाटलं. तिचं अलास्का पक्कं झालं होतं, बाकी कशाकडे तिचं लक्षच नव्हतं. उलट तीही जाता जाता म्हणाली, "दीपा, विमानमा खावाले थोड्याश्या दशम्या करी ले. आनि लसूनची चटनी. पोचाना आगोदर संपाडी टाकूत."

निघायचा दिवस आला. संध्याकाळी नंदुरबारहून गाडी होती. दगूबाई दुपारीच तयार होऊन ओटीवर बसली, स्वेटरवर स्वेटर घालून, धानोऱ्याच्या उन्हात घामाघूम. बॅग दाराशी. ती मनाशी निळा बर्फ पाहत होती. एक मोठा कडा धाडकन पाण्यात पडत होता आणि त्याच्याकडे बघत ती नुसती बसली होती, दोन्ही हात मांडीवर, काहीही न करता.

तेवढ्यात तिला फोडणीचा वास आला.

आधी तिनं तिकडे दुर्लक्ष केलं. मग ठसका लागला, म्हणून उठून आत गेली.

ओट्यावर डब्यांची रांग लागली होती. एका शेगडीवर तूरडाळ, दुसरीवर तवा. खाली परातीत दुधात मळलेलं दशम्यांचं पीठ. दीपमाला पहाटेपासून उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, साडी कालचीच. तिची बॅग कोपऱ्यात उघडी पडली होती, आणि तिच्यात अजून काहीही भरलेलं नव्हतं. "झालंच आई," ती वळूनही न पाहता म्हणाली. "एवढ्या दशम्या झाल्या की मी तयार होते."

दगूबाई दारात उभी राहिली. ती पाठ तिच्या ओळखीची होती. गौरीकुंडात लोक वरून उतरले, तेव्हा त्यांनाही अशीच एक पाठ दिसली असणार, आणि ते भाकरी मागायला मागे येऊन उभे राहिले असणार. आज तिच्या मागे उभी होती ती दगूबाई, दशम्या मागायला. तिला स्वतःची अशी काही लाज वाटली की स्वेटरमध्ये जीव गुदमरला.

ती पुढं गेली आणि तिनं दोन्ही शेगड्या बंद केल्या.

"आई, काय झालं?"

"बंद कर. अस्वल यी जाई."

दगूबाईनं सुनेच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, परात पायानं ओट्याखाली सरकवली आणि उघडी बॅग उचलून तिच्यापुढं ठेवली. "भर. पहिले तुन्हं सामान भर. विमानमा जे दीतीन ते खासूत. भुसा दिधा तरी खासूत."

"पण यांचं जेवण अजून—"

तेवढ्यात ओटीवर चपला वाजल्या आणि हेमकांतचा आवाज आला. "अगं, कसला खमंग वास येतोय! काय काय केलंस? जरा ताटात वाढ, मला कडकडून भूक लागलीय!"

दगूबाईनं सुनेचा हात घट्ट धरला.

"देख व," ती हळूच म्हणाली, "उनं अस्वल."