विहिरीत सोडलेलं कासव

मुलांनो, डोळे मिटा आणि निपाणीकडची काळी जमीन समोर आणा. अजून इंग्रजांचा अंमल आहे. वांग्याची बाग, तिला निवडुंगाचं कुंपण, मधे मोटेची विहीर. आता त्या कुंपणाखालून एक कासव येताना बघा. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या चांदण्या, खाली हत्तीसारखे खुंटपाय. घाई म्हणून कसली नाही.

बाग रायाप्पाची. त्याची दहा वर्षांची लेक चंदना महिनाभर त्या कासवाला बघत होती. ते पडकी वांगी खाई, बांधावर ऊन घेई. पाटाच्या पाण्यात पाय बुडाला की लगेच मागं सरे. चंदना त्याच्या वाटेतले काटे तेवढे बाजूला करी. उचलत कधीच नसे.

मग एक दिवस मारुतीराव आला. गावातलं सगळं शहाणपण ह्या माणसानं एकट्यानं मक्त्यानं घेतलं होतं. जन्मात खुरपं हातात धरलं नव्हतं, पण खुरपावं कसं, हे बायकांना तोच सांगे.

"आरं रायाप्पा, पान्याचं जनावर उनात वाळतंय, आन तू बघत बसलायस व्हय? पाप लागंल!"

"काका, ते पान्याचं न्हाय," चंदना म्हणाली. "पाटालासुदिक भितंय."

"कासव आन पान्याला भितंय! उद्या म्हनशील, म्हस झाडावर चढती."

त्याच्याबरोबरचे दोघे हसले. त्यांचं कामच ते होतं.

"त्याचं पाय तर बघा. पवायचं पाय असलं असत्यात व्हय?"

"पोरीच्या जातीनं लई बोलू न्हाय."

रायाप्पाला लेकीचं पटत होतं. पण मोठ्या माणसापुढं त्याची जीभ उचलत नसे. "बिडव्वा, सुम्मनिरू," असं कानडीत पुटपुटून त्यानं तिलाच गप्प केलं.

मारुतीरावानं कासवाला हळदकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी विहिरीत सोडलं. कासव वर आलं, पाय झाडू लागलं, मान ताणून तोंड उघडू लागलं.

"बघा, कसं खेळतंय!"

खेळणारा जीव कुठला आणि बुडणारा कुठला, एवढं त्या फेट्याखाली मावत नव्हतं.

चंदना पाटी घेऊन पायऱ्या उतरली. कासव पाण्याखाली जाता जाता तिनं ते पाटीत घेतलं, वर आणलं, डोकं खाली करून धरलं. नाकातोंडातून पाणी गळालं. बऱ्याच वेळानं एक पाय हलला.

"टाक ते परत!" मारुतीराव ओरडला. "सुखात हुतं ते."

"पान्यात एवढं सुख हाय, तर तुमीच उतरा की काका. हळदकुंकू मी लावती."

कुणी हसलं नाही. हसणाऱ्यांना अजून इशारा मिळाला नव्हता.

चंदनानं कासव बागेबाहेरच्या माळावर नेलं आणि बोरीच्या जाळीखाली ठेवलं. मग आसपासचे दगड वेचून परकराच्या ओट्यात भरले, आणि जाळीच्या पुढ्यात, मागोमाग आलेल्या मारुतीरावाकडं तोंड करून मांडी घालून बसली.