बंपरवरचा पिवळा

रस्त्यातल्या खड्ड्यावर प्लेट तुम्हीच टाकलीत आणि तुम्हीच उचललीत. मधल्या वेळात एक माणूस मेला, तो मात्र तुमच्या कागदावर स्वतःच्या चुकीने मेला. ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ दोन शब्द खरडलेत, शिक्का मारलात आणि जेवायला गेलात.

त्या चालकाचं नाव काशीराम. दिंडोशीचा माणूस. एकतीस वर्षं गाडी चालवली, पण कुणाच्या सायकलीला धक्का लावला नाही. त्या दिवशी भर दुपारी दोनला त्याच्यापुढे एक भरलेला टेम्पो होता. खड्ड्यावर अंथरलेल्या लोखंडी प्लेटवरून टेम्पो गेला, तशी प्लेटची एक बाजू दबली आणि दुसरं टोक वर आलं. त्या टोकाने काशीरामच्या गाडीचा बंपर डावीकडून टराटरा फाडला. गाडी गरकन फिरली आणि उजव्या दाराने दुभाजकावर आदळली. सहाच्या आत प्लेट गेली, खड्डा बुजला, वर डांबरसुद्धा पडलं. एरवी आठ-आठ महिने न हलणारे हात त्या दिवशी चार तासांत हलले.

काशीरामचा धाकटा भाऊ गुणाजी. दिंडोशीतच पत्र्याच्या शेडमध्ये बंपर जोडायचा आणि रंगवायचा धंदा करतो. दोन महिन्यांनी पोलिसांनी गाडी सोडली आणि ती इमारतीखाली, बरोबर काशीरामच्या बायकोच्या, नलिनीच्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. बंपर अर्धा लोंबत होता.

नलिनी दिराला म्हणाली, “भावजी, तेचा तां फाटलेला तोंड तेवढा शिवून टाका. येता-जाता माका बघवत नाय.”

“टाकतंय, वयनी,” गुणाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दार त्याने डेंटरकडून ठोकून घेतलं. बंपरला मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भावाचं काम. बंपर उतरवून दोन पाटांवर आडवा ठेवला, साबणाने धुतला. फाटलेल्या कडेवर वीतभर लांब पिवळा ओरखडा होता. जाड, रवाळ, खरवडल्यासारखा रंग. गुणाजीने फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि तो पुसून काढला. उरलासुरला पॉलिश पेपरने घासला. बावीस वर्षांची सवय. बंपरवर दुसऱ्याचा रंग दिसला की रंगाऱ्याला ती घाण दिसते, बाकी काही दिसत नाही. हात आपोआप फडक्याकडे जातो.

मग आतून तांब्याची जाळी लावून, तापलेल्या सळीने प्लास्टिक वितळवून फट जोडली. पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. प्रायमर मारला. गाडी सतरा वर्षांची, मूळ राखाडी रंग उन्हाने विटलेला. डब्यावरच्या नंबराचा रंग मारला असता तर नवा बंपर जुन्या गाडीवर ठिगळासारखा दिसला असता. म्हणून गुणाजी रोज सकाळी उन्हात उभा राहून रंगात थेंब-थेंब पांढरा टाकायचा, पत्र्याच्या तुकड्यावर मारून गाडीच्या बॉनेटला लावून बघायचा. जुळेना. पाचव्या दिवशी जुळला. आयुष्यात त्याने इतकं चोख काम केलं नव्हतं. नलिनी खाली आली, बंपरवरून हात फिरवला, पण कुठे फाटलं होतं ते तिला सापडलं नाही. ती पदर तोंडाला लावून वर गेली.

आठ दिवसांनी काशीरामची मुलगी श्रुतिका शेडवर आली. हातात लिफाफा. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, त्याचं उत्तर होतं.

“वाच ना काका. ‘सदर दिवशी सदर ठिकाणी कोणतीही लोखंडी प्लेट नव्हती.’ खोटं बोलतात यार, तोंड वर करून.”

“पंचनाम्यात काय आहे?”

“‘पुढचा बंपर फाटलेला.’ बस. पोलिसांच्या फोटोत तर गाडी कुठल्या रंगाची आहे तेपण कळत नाही. पण आपल्या वकीलबाई म्हणाल्या, प्लेटवर पिवळा रंग असतो ना, तो बंपरला लागलेला असणार. तपासायला पाठवू. तू पहिला फोटो काढलास ना? काम घेताना?”

गुणाजी खाली बसला. पाटावर, बंपर ठेवला होता तिथेच.

“काका?”

“होता,” तो म्हणाला. “एवढा. वीतभर.”

“मग?”

“पुसला.”

श्रुतिकाने कागद परत लिफाफ्यात घातला. मग हळू म्हणाली, “आईने सांगितलं म्हणून केलंस तू.”

“तिने शिवायला सांगितलं होतं. पुसायला नाही सांगितलं.”

त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी दुकान उघडलं नाही. पाठपोट कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने, वाकड्या अक्षरात लिहिलं: बंपरवर पिवळा रंग होता. तो मी पाहिला. तो मी थिनरने पुसला. ही माझी चूक आहे. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही.

तो कागद घेऊन तो तुमच्या रस्ते विभागाच्या ऑफिसात आला. तीन टेबलं फिरवलंत त्याला. चौथ्या टेबलावरच्या साहेबाने कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

“म्हणजे पुरावा नाही तुमच्याकडे.”

“नाही.”

“तुम्हीच नष्ट केलात.”

“हो. तेच लिहिलंय.”

साहेबाला हसू आलं. “अहो, असं कुणी लिहून देतं का? उद्या तुमच्यावरच शेकेल. घेऊन जा हा कागद.”

“शेकू दे. आवक शिक्का मारा.”

“आणि मग?”

गुणाजीने समोरची खुर्ची ओढली. बसा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, तरी बसला. बोटांच्या पेरांत अजून राखाडी रंग होता.

“मी काय पुसलं ते मी लिहून दिलं, साहेब. आता तुम्ही लिहा. दोन ते सहाच्या मध्ये ती प्लेट कुणाच्या हुकमाने उचलली? त्याचं नाव सांगा.”