दुसऱ्या आवाजातला पत्ता

मार्चमध्ये हेल्वे लेप्मेट्सला पक्षाघाताचा झटका आला. एप्रिल लागला तेव्हा तिच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘बरं’. चहा हवा का? बरं. पाय दुखतोय का? बरं. समजत मात्र सगळं होतं. कुणी वर्तमानपत्र उलटं हातात दिलं, तर ती ते सरळ करून घ्यायची आणि देणाऱ्याकडे बघून असं ‘बरं’ म्हणायची की नर्सना हसू आवरायचं नाही.

हेल्वे एकाहत्तर वर्षांची. विल्यांडी शहराच्या भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात तिचं नोकरीचं आयुष्य गेलं. नवरा वारल्यापासून ती पोस्टी रस्त्यावरच्या अठरा नंबरच्या घरात एकटी राहत होती. मागे आंबट लाल फळांची झुडपं, पुढे लाकडांची रास, सोबतीला एक मांजर. उजवा हात अजून साथ देत नव्हता, पण काठी घेऊन ती चालायला लागली होती. प्रश्न बोलण्याचा होता, आणि डॉक्टर पाल्मने तो मायलेकींसमोर स्पष्ट मांडला.

“घरी एकटीला सोडायचं, तर फोनवर तीन गोष्टी सांगता यायला हव्यात. नाव, पत्ता आणि मदत पाहिजे.”

“गळ्यात घालायचं बटण असतं ना?” मुलीने, इंबीने, विचारलं.

“असतं. ते दाबलं की पलीकडचा माणूस बोलतो, ‘काय झालं?’ त्याला उत्तर द्यावं लागतं. बोटही चुकून लागतं, मांजरही दाबतं. उत्तर नाही आलं तर तो फोन करत बसणार, रुग्णवाहिका लगेच निघणार नाही.”

इंबी आईकडे वळली. “आई, पार्नूला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे ते वृद्धगृह. खोली त्यांनी वीस तारखेपर्यंत धरून ठेवलीय. खिडकीतून समुद्र दिसतो.”

“बरं,” हेल्वे म्हणाली.

“तयार दिसतात,” पाल्म म्हणाला.

“नाही हो. चाळीस वर्षं ऐकतेय मी. हे ‘नाही’ आहे.”

वीस तारखेला अठरा दिवस होते. पाल्मने हेल्वेला कायसा ओयाकडे पाठवलं. कायसा रुग्णालयातली संगीतोपचारतज्ज्ञ, वय एकतीस, स्वतः गाणारी. पद्धत साधी होती. बोलण्याची वाट बंद झालेल्या माणसाची गाण्याची वाट पुष्कळदा उघडी असते. आधी ओळखीचं गाणं गुणगुणायचं, डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा, मग शब्द, आणि शेवटी गाण्याच्या जागी रोज लागणारी वाक्यं. गेल्याच वर्षी याच खोलीत एक ट्रकचालक ‘पाणी द्या’ गाऊन मागायला शिकला होता.

हेल्वे एक्केचाळीस वर्षं शहराच्या मिश्र गायकवृंदात गायली होती. कागदपत्रांत ते वाचून कायसाला वाटलं, हे काम आठवड्याभराचं.

तिने होडीचं गाणं निवडलं. ते गावात सगळ्यांना येतं. तिने चार मात्रा गायल्या आणि थांबून हेल्वेकडे पाहिलं. हेल्वे ताठ बसून होती, ओठ मिटलेले, नजर कायसाच्या तोंडावर. पुन्हा चार मात्रा, पुन्हा थांबणं. दुसरं गाणं, तिसरं गाणं. सहा दिवस हेच चाललं. ठेका बिनचूक पडायचा, आवाज फुटायचा नाही. एकदा हेल्वेने हात उचलून कायसाला पुढे जाण्याची खूण केल्यासारखं केलं. ती थकली असावी असं समजून कायसाने सत्र लवकर संपवलं.

सातव्या दिवशी तिने नोंद केली: गायनाला प्रतिसाद नाही, ही पद्धत पुढे चालवून उपयोग होईल असे वाटत नाही. पाल्मने ती वाचून इंबीला फोन केला. इंबी पार्नूच्या खोलीसाठी पडदे बघायला गेली.

रविवारी गायकवृंदातल्या दोघी भेटायला आल्या. विर्वे उंच, सडपातळ, लाल टोपीवाली. आइमे बुटकी आणि तोंडाळ. येताना त्यांनी वेलचीचा गोड गोल पाव आणला होता. कायसाची रविवारची पाळी होती. तीही दारात उभी राहिली.

“केस कोणी कापले गं तुझे?” आइमे हेल्वेला म्हणाली. “न्हावी होता की मेंढपाळ?”

“बरं,” हेल्वे म्हणाली.

“शिव्या पोचल्या. म्हणजे डोकं शाबूत आहे.”

विर्वेने कायसाला विचारलं, “गातेय का ती?”

“नाही. सगळं करून पाहिलं.”

“आमची हेल्वे गात नाही?” विर्वेने टोपी काढली आणि तिथेच, हेल्वेच्या डाव्या बाजूला उभं राहून, होडीचं गाणं सुरू केलं. हेल्वे गप्प. आइमेने खुर्ची ओढली आणि ती हेल्वेच्या उजव्या हाताला बसली. तालमीत ती तीस वर्षं तिथेच बसत आली होती. विर्वेच्या चार मात्रा संपल्या. पाचव्या मात्रेवर आइमेने खालचा सूर धरला, आणि तिच्याबरोबर हेल्वेनेही.

आवाज खरबरीत होता, पण सूर पक्का आणि शब्द अख्खे होते. होडी, जाळं, किनारा, आईची हाक, सगळे. सलग दोन कडवी. कडव्याच्या शेवटी आइमे श्वास घ्यायला थांबली, हेल्वे थांबली नाही.

कायसा दाराला टेकून उभी होती. गाणं संपल्यावर ती म्हणाली, “पण मी हेच गाणं तर गात होते.”

“कुठला आवाज गात होतीस, मुली?” आइमेने विचारलं.

“चाल.”

“चाल म्हणजे विर्वेवाल्यांची. पहिला आवाज. आम्ही दुसऱ्या आवाजातल्या, चालीखाली वेगळा सूर धरणाऱ्या. आम्हाला चाल कुणी कधी दिलीच नाही. आमच्या वाट्याला तीन पानं भरून एकच सूर.”

“आणि त्यातही दोघी चुकतात,” विर्वे म्हणाली.

“तू गप्प. आणि बघ, दुसऱ्याचा आवाज गायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे. जी गाईल तिने सगळ्यांना कॉफी पाजायची. हेल्वेने एक्केचाळीस वर्षांत एकदाही पाजली नाही.”

“पण मी थांबून वाट बघायचे तिची.”

“किती वेळ?”

“चार मात्रांनंतर थांबायचे.”

आइमेने पाव कापायला घेतला. “आम्ही पाचवीवर येतो,” ती म्हणाली.

कायसा स्वतः शाळेपासून पहिल्या आवाजात गात आली होती. गाणं म्हणजे चाल, हे तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिने जुन्या नोंदीखाली नवी नोंद केली: रुग्ण सुरुवातीपासून गाऊ शकत होती; चूक उपचार देणाऱ्याची. मग पाल्मला फोन केला. इंबीला पडदे थांबवायला सांगा, असंही सांगितलं.

उरलेल्या दिवसांत आइमे रोज चार वाजता यायची, उजव्या हाताला बसायची. आधी होडीचं गाणं, मग त्याच खालच्या सुरावर, त्याच ठेक्यावर तीन ओळी. ‘हेल्वे लेप्मेट्स. पोस्टी रस्ता अठरा. मदत पाहिजे.’ हेल्वेचं पूर्ण नाव तिसऱ्या दिवशी आलं. अठरा हा आकडा अडला, आणि हेल्वेने चिडून टेबलावर इतक्या जोरात ठेका धरला की पेला सांडला. सहाव्या दिवशी आइमेने मधेच गाणं सोडलं आणि हेल्वे एकटीच शेवटापर्यंत गेली.

“हे तर नळ दुरुस्त करणाऱ्याला पत्ता सांगितल्यासारखं वाटतं,” आइमे म्हणाली. “पण नळवाला येईल.”

एकोणीस तारखेला पाल्म फोन घेऊन शेजारच्या खोलीत बसला. हेल्वे आपल्या खोलीत, एकटी. इंबी आणि कायसा बाहेर बाकावर बसल्या. इंबीच्या पिशवीत पार्नूच्या खोलीचा करार होता.

फोन वाजला.

“आणीबाणी सेवा. बोला,” पाल्म म्हणाला.

भिंतीपलीकडून डाव्या हाताचा ठेका आला. मग जवळजवळ एकाच सुरात: “हेल्वे लेप्मेट्स. पोस्टी रस्ता अठरा. मदत पाहिजे.”

“काय झालं?” पाल्मने विचारलं. हा प्रश्न सरावात नव्हता. कायसाने बाकाची कड धरली.

मग ठेका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तालमीत चूक झाली की सगळे जसे ओळीच्या आरंभाला परततात तसा. नाव आलं. पत्ता आला. मदत पाहिजे आलं. आणि त्याच सुरावर, ठेक्याच्या पुढच्या ठोक्याला: “पडले.”

पाल्म फोन ठेवून बाहेर आला. “एवढ्यावर रुग्णवाहिका निघालेली असते,” तो म्हणाला.

“खरंच पडली नाहीये ना?” इंबी उठली.

“खुर्चीत बसून आहेत. भूमिकेत शिरल्या.”

इंबीने बाकावरूनच पार्नूला फोन केला आणि खोली नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईने कारण विचारलं. “ती बोलायला लागली,” इंबी म्हणाली.

सोमवारी हेल्वे घरी गेली. आठवड्यातून तीनदा मदतनीस येईल, आणि रोज सकाळी नऊला इंबी फोन करेल, असं ठरलं. मंगळवारी नऊला तिने पहिला फोन केला.

“आई, मी.”

“हेल्वे लेप्मेट्स,” आई सुरात म्हणाली. “पोस्टी रस्ता अठरा.”

इंबी तिसऱ्या ओळीची वाट बघत राहिली. ती आली नाही. फोनमध्ये चुलीवरच्या बटाट्यांचं झाकण खडखडत होतं आणि आई कुणावर तरी ‘बरं’ म्हणून ओरडत होती, बहुधा मांजरावर.