वेंडलरांच्या घोडीची घंटा

मित्रांनो, मी एक घंटा आहे. जुनी आहे हे वेगळं सांगत नाही, माझ्याकडे बघितलंत की कळेलच. शाळेची नव्हे, देवळाची नव्हे. घोडीच्या गळ्यातली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्याला त्याला वाटतं की माझ्या नशिबी प्रार्थना आणि मधली सुट्टी असेल. माझ्या नशिबी खेचरं होती. आणि माणसं. दोन्हींत जास्त त्रास कोणी दिला ते तुम्हीच ठरवा.

एका जर्मन लोहाराने मला लोखंडी पत्र्यातून घडवलं. पत्रा दुमडला, कडेने रिवेट ठोकले आणि आवाज गोड व्हावा म्हणून वितळलेल्या पितळेत बुडवून काढलं. घोड्याच्या तुटक्या नालाचा तुकडा माझी जीभ झाला. एका बाजूला पितळ जरा जास्त ओघळलं आणि तिथे एक गाठ राहिली. लोहार म्हणाला, चालेल. माझ्याबाबत सगळ्यांचं नेहमी ‘चालेल’च असतं.

मला ऑगस्ट वेंडलर घेऊन गेला. टेक्सासच्या टेकड्यांत, लानो नदीच्या अलीकडे त्याची जमीन होती. म्हणजे तो म्हणायचा त्याची. त्याने मला करड्या घोडीच्या गळ्यात बांधलं. आता खेचरांचं सांगते. खेचर माणसाचं ऐकत नाही, चाबकाचं ऐकत नाही, पण घंटा बांधलेल्या घोडीच्या मागे आंधळ्यासारखं जातं. घोडी थांबली की थांबतं, निघाली की निघतं. त्यामुळे वेंडलरांना खेचरं बांधून ठेवावी लागत नसत. एवढी सोय होती. या सोयीने पुढे जे केलं त्याला तोड नाही.

एका सकाळी ऑगस्टची सात वर्षांची मुलगी रोझिना घोडीवर बसून तिला ओढ्यावर पाणी पाजायला आली होती. झाडीतून कोमांची, म्हणजे त्या मुलखातल्या मूळ जमातीचे घोडेस्वार निघाले. खेचरं हाकायची म्हणजे केवढा गोंधळ असतो, पण त्यांना काहीच करावं लागलं नाही. एकाने घोडीचा दोर धरला आणि तो निघाला. मी वाजले, खेचरं मागून आली. पोर घोडीवर होती, म्हणून पोरही आली. ऑगस्ट मक्यातून बंदूक घेऊन धावत आला. तो मक्यातच पडला. बाण लागलेला माणूस फार वेळ ओरडत नाही.

त्याआधीच्या हिवाळ्यात याच ओढ्याच्या वरच्या अंगाला गोऱ्यांनी कोमांचींची एक वस्ती जाळली होती. त्याआधी कोमांचींनी एक गाडी लुटली होती. त्याआधी जमीन मोजणारे साखळ्या घेऊन आले होते. सुरुवात कोणी केली यावर दोन्हीकडे तासन्‌तास बोलणं चालायचं, आणि दोन्हीकडे एकच उत्तर निघायचं: त्यांनी. मी दोन्हीकडे राहिले आहे, मित्रांनो. दोन्हीकडची मंडळी हे तोंडात घास असताना सांगतात.

पहिले काही महिने रोझिनाचे हाल झाले. ते मी झाकणार नाही. मार खाल्ला, उपाशी राहिली, लाकडं वाहिली. मग एका बाईने तिला आपल्या तंबूत घेतलं. बाईचं नाव खडबडीत-हात. तिची मुलगी देवीच्या साथीत गेली होती. ती रोझिनापुढे गव्याचं कच्चं काळीज ठेवायची, आणि पोरीने तोंड वळवलं की म्हणायची, “खा की. का तुझ्या लोकांसारखा जाळून कोळसा करून देऊ?” शेजारणी हसायच्या. पोर रडायची, मग खायची. पुढे पुढे नुसती खायची. घोडीच्या मागून आली म्हणून तिचं नाव पडलं मागून-येणारी. वर्षाच्या आत ती खडबडीत-हातला आई म्हणू लागली, दोन वर्षांत तिच्याशी भांडू लागली. भांडू लागली म्हणजे घरची झाली.

या लोकांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. माणूस मेलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. कधीच नाही. त्याच्या वस्तू जाळायच्या आणि नाव तोंडातून काढून टाकायचं. जाड-पांघरूण नावाचा एक म्हातारा होता. तो हिवाळ्यात गेला, आणि थंडीभर सगळी वस्ती ‘ते, अंगावर घेतात ते’ म्हणत कुडकुडत बसली. मला वैताग यायचा. पण सवय लागते. मागून-येणारीचं पुढे लग्न झालं, आणि तिचा नवरा लढाईत गेला. त्याचं नाव मी सांगणार नाही. विचारू नका.

मुलाचं नाव मात्र सांगते, कारण तो जिवंत होता. नाकतोडा. चार वर्षांचा, आणि मला सतत वाजवणारा.

मग सैनिक आले. मागून-येणारी घोड्यांच्या कळपामागे होती, मी घोडीच्या गळ्यात. नाकतोडा आजीबरोबर वरच्या घळीत रानबोरं वेचत होता. सैनिकांनी तंबू पेटवले, कळप पकडला, बायका पकडल्या. एकाने हिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, निळे डोळे बघितले आणि टोपी काढली. तिची सुटका झाली असं त्याने तिला सांगितलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. आनंदाने भान राहिलं नाही, असं तो बाकीच्यांना म्हणाला.

पोर हरवलेल्या घरांची चौकशी करत सैनिकांनी वेंडलरांच्या अंगणात तिला गाडीतून उतरवलं तेव्हा निम्मी वाडी जमली होती. तिची आई मथिल्डे पुढे आली. समोर उन्हाने रापलेली, कातड्याच्या कपड्यातली, पायाकडे बघणारी बाई. सोळा वर्षांपूर्वी गेलेली पोर हिच्यात कशी शोधायची? मथिल्डेचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला. मग तिला, सैनिकांनी घोडीच्या गळ्यातून काढून गाडीच्या दांडीला अडकवलेली मी दिसले. तिने मला उलटं केलं, अंगठ्याने पितळेची गाठ चाचपली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

म्हणजे बघा. पोटच्या पोरीला ओळखलं नाही, मला ओळखलं. माझी साक्ष काढून तिला पोरगी ठरवलं. तिला कोणी काही विचारलंच नाही. दोन्ही भाषा कळणारी तिथे मी एकटी होते, पण मला बोलता येतो एकच शब्द, तोही कोणी हलवलं तर.

घरात आणखी एक रोझिना होती. खोटं नाही. बाप गेला तेव्हा मथिल्डेच्या पोटात मूल होतं. मुलगी झाली. थोरली मेलीच असं धरून तिचं नाव धाकटीला दिलं, आणि मागच्या ओकच्या झाडाखाली थोरलीच्या नावाचा दगड बसवला. त्यांच्यात असंच करतात. मेलेल्याचं नाव वाया जाऊ देत नाहीत. रविवारी दगडाजवळ थोरलीचं नाव घेऊन रडायचं, आणि मग त्याच नावाने धाकटीला जेवायला हाक मारायची. थोरलीने दगड बघितला आणि तिच्या अंगावर काटा आला. आपण मेलोय, आणि हे लोक दिवसभर आपलं नाव ओरडतायत.

ती पळाली. पकडून आणली. पुन्हा पळाली. पुन्हा आणली. दर वेळी उत्तरेकडे. वाडीतल्या लोकांचं मत पडलं की तिला मंतरलं आहे. ऑगस्टचा भाऊ एवाल्ड याच घरात राहायचा आणि स्वतःला घरकर्ता समजायचा. एका दुपारी त्याची नजर माझ्यावर पडली.

“वहिनी, घोडीला चालते ती हिला का नको?” तो म्हणाला. “कुठे आहे ते कळेल तरी.”

“माणसाला घंटा बांधायची, भावोजी?”

“बांधली तर राहील. नाही बांधली तर पुन्हा दगडाशी रडायला मोकळी तुम्ही.”

मथिल्डेने त्याला अडवलं नाही. एवाल्डने चामड्याचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवून मागून कडीने असा बंद केला की तिचा तिला काढता येऊ नये, आणि मी तिच्या गळ्यात आले. किती वैताग सांगू? मी खेचरांसाठी घडवलेली वस्तू. माझ्यामागे खेचरं आंधळेपणाने जातात, म्हणून मला मान. आता चुलीपाशी वाजायचं, विहिरीपाशी वाजायचं, आणि दर वेळी खिडकीतून कोणीतरी ‘आहे, आहे’ म्हणून निवांत व्हायचं. तिला मी काचत होते. पट्ट्याखालची कातडी सोलवटली होती. धाकटी रोझिना तिथे डुकराची चरबी लावायची. लावताना दर वेळी म्हणायची, “ताई, माफ कर.” थोरलीला तेवढा शब्द कळायला लागला.

मग हळूहळू बाकीचे शब्द परतले. एका संध्याकाळी मथिल्डे दगडाजवळ बसली होती. सोळा वर्षांची सवय. मुलगी घरात आली तरी आईचं रडणं दगडापाशीच. दोन्ही मुली मागे उभ्या होत्या. थोरली एकदम बोलली. मोडकं तोडकं, लहान पोरीच्या जर्मनमध्ये.

“इथे मी मेले. तुम्ही रोज नाव घेता. तिथे मेलं की नाव बंद.”

मथिल्डे वळली.

“माझा मुलगा आहे. छोटा. आजीकडे आहे. पानं गळायच्या आत मी नाही गेले, तर आजी म्हणेल मेली. माझं पांघरूण जाळेल. मग तो विचारेल, आई कुठे? त्याला म्हणतील, गप्प, ते नाव नको. तो कधीच नाही घेणार.” ती थांबली, योग्य शब्द शोधत. “आई, इथे नाव ठेवलंत. मला ठेवलं नाहीत. तिथे मी आहे, पण नाव जाणार.”

ओकची पानं कडेने पिवळी पडायला लागली होती. सगळ्यांनीच बघितली.

रात्रीच्या जेवणाला धाकटीने हे एवाल्डला सांगितलं. त्याने आंबवलेला कोबी पानात वाढून घेतला आणि म्हणाला की अर्ध्या रानटी पोरासाठी उरलेलं घर उद्ध्वस्त करायचं नाही, आणि पोरं काय, इथेही होतील, नवरा बघून देऊ. मथिल्डे म्हणाली, “भावोजी, कॉफी गार होतेय.” बस. एवढंच. मला वाटलं, संपलं. माणसांकडून मी काही अपेक्षा ठेवायची सोडून दिली होती.

दोन दिवसांनी एवाल्ड मक्याची पोती घेऊन गिरणीवर गेला. गिरणी लांब, तो अंधार पडता पडता येणार. मथिल्डे मागच्या ओसरीवर कोबी चिरत बसली होती. धान्याच्या कोठीमागे धाकटीने थोरलीच्या मानेवरची कडी काढली. मी तिच्या हातात आले. तिने क्षणभर मला मुठीत दाबून धरलं आणि मग स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं.

“जा. लाल घोडा घे,” ती म्हणाली. “आई आवाज ऐकते, बघत नाही. मी चालत राहते.”

थोरलीने तिच्या कपाळाला कपाळ लावलं. मग खोगीरही न घालता ती घोड्यावर चढली आणि ओढ्याच्या पात्रातून गेली.

धाकटी चालायला लागली. कोठीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून कोठीपर्यंत. मी वाजत होते. ओसरीवर सुरी चालत होती. पोरगी घाबरलेली, घामाघूम, तरी पाय थांबवत नव्हती. मीही वाजले, मित्रांनो. जन्मात पहिल्यांदा मन लावून वाजले.

ऊन कलायला लागलं. सुरीचा आवाज थांबला. मथिल्डे उठली आणि कोठीला वळसा घालून आली. हातात सुरी, हाताला कोबी चिकटलेला. समोर गळ्यात घंटा घातलेली धाकटी. धाकटीचं तोंड पांढरं पडलं. मथिल्डेने ओढ्याकडे बघितलं, तबेल्याच्या उघड्या दाराकडे बघितलं.

मग म्हणाली, “तू एकसारखी चालतेयस.”

“आई...”

“ती एकसारखी चालत नाही. मधेच थांबते. उत्तरेकडे बघते, आणि मग निघते. गेले दोन महिने मी तेच ऐकतेय.” तिने सुरी एप्रनला पुसली. “काका अजून यायचेत. रस्त्यावरून त्यांना ऐकू येतं. थांबत थांबत चाल.”

आणि ती परत जाऊन कोबी चिरायला बसली.

एवाल्ड आला तेव्हा अंधार होता आणि मी वाजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळलं. त्याने घर डोक्यावर घेतलं, शेजारी गोळा केले, उत्तरेकडे माणसं धाडली. माणसं हात हलवत परत आली. मथिल्डे म्हणाली की ती आवाजावर विसंबून राहिली. ते खरंच होतं.

पुढच्या वसंतात एक गुरांचा व्यापारी घरी जेवायला उतरला. उत्तरेला सरकारने कोमांचींना बसवलं होतं, तिथून आला होता. सहज सांगत होता की तिथे एक निळ्या डोळ्यांची बाई आहे, मागून-येणारी म्हणतात तिला. तिचं पोर भयंकर वात्रट, ओरडून ओरडून आईचं नाव घेतं, दिवसभर, नुसता ताप. मथिल्डेने त्याला पुन्हा वाढलं. मग सांगितलं, पुन्हा सांगा, काय म्हणतात तिला? तो पुन्हा म्हणाला. तिने आणखी वाढलं.

त्यानंतर मी पुन्हा कोणाच्या गळ्यात गेले नाही. दाराजवळच्या खिळ्यावर लटकते, गंजते. येता जाता कोणीही मला हलवून बघतं आणि ‘चालेल’ म्हणतं. तर मित्रांनो, एवढं ऐका. मला अधूनमधून तेल लावा, ती जीभ हलती ठेवा, मागणं एवढंच. आणि माझ्या बहिणींपैकी कोणी कुठे वाजत असेल, तर वाजतेय म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून पुन्हा डोळे मिटू नका. काहीतरी हलतंय, एवढंच आम्हाला सांगता येतं. ते कोण आहे आणि त्याला कुठे जायचंय, हे उठून, बाहेर येऊन, त्यालाच विचारावं लागतं.