सात म्हणजे किती

जागृती गजभिये ॲन आर्बरला आली त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधीची नऊ वर्षं ती नवऱ्याच्या, अनुपच्या, नोकरीमुळे डेन्मार्कमध्ये राहिली. तिथे डॅनिश शिकली, त्याच भाषेत एम.ए. झाली. आता डेन्मार्कहून अमेरिकेत येणाऱ्यांची सर्टिफिकेटं आणि मार्कशीटं इंग्रजीत करून द्यायचं काम ती घरून करायची. प्रत्येक भाषांतराखाली एक ओळ असे: हे पूर्ण आणि अचूक आहे. त्याखाली तिची सही.

फेब्रुवारीत एका सकाळी अनया सरपोतदार आली. दाराशी बर्फाचे बूट काढून ती टेबलापाशी बसली आणि तिने एक पत्र पुढे सरकवलं. अनया डेन्मार्कमध्ये साडेतीन वर्षं शिकून ‘पेडागो’, म्हणजे लहान मुलांना सांभाळणारी आणि घडवणारी प्रशिक्षित ताई, झाली होती, तिथल्या बालवाडीत चार वर्षं नोकरी केली होती. इथे तशीच नोकरी हवी तर आधी पदवीचं मूल्यांकन लागतं. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने मात्र फाइल परत पाठवली होती: पदवी कशाची आहे ते कळत नाही.

आधीचं भाषांतर अनयाने कुठल्याशा स्वस्त वेबसाइटवरून करून घेतलं होतं. जागृतीने ते वाचायला घेतलं. डॅनिशमध्ये मार्कांना ‘काराक्तेर’ म्हणतात. त्याचं इथे कॅरॅक्टर झालं होतं आणि पुढे आकडा होता, सात. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला तिथे ‘सेन्सॉर’ म्हणतात, तो इंग्रजीतही सेन्सॉरच राहिला होता.

“म्हणजे तुझं चारित्र्य सात, आणि तेही सेन्सॉर केलेलं,” जागृती हसून म्हणाली.

अनया हसली नाही. “ताई, त्यांनी सात म्हणजे बारापैकी सात धरलं. अठ्ठावन्न टक्के. वर्गात माझे चांगले मार्क होते हो.”

“चांगलेच आहेत. सातचा अर्थच तिथे ‘चांगलं’ असा आहे. ते टक्के नव्हेत.”

“मग तुम्ही सरळ बी ग्रेड लिहा ना. आणि पेडागो कुणाला कळतोय इथे? टीचर लिहून टाका. आणि हे एक...” तिने बोट ठेवलं. बालमानसशास्त्राच्या तोंडी परीक्षेत ०२ होते. पास होण्यापुरते. “याचं सी करता येईल?”

जागृतीने पेन खाली ठेवलं. “नाही गं. जे कागदावर आहे तेच मला लिहावं लागतं.”

“कोण बघणार आहे?”

“बघतात.”

अनयाने कागद गोळा केले नाहीत, पण चहा तसाच ठेवून ती उठली. दाराशी म्हणाली, “मला वाटलं, आपल्या माणसाकडे गेलं की सोपं होईल.”

ते वाक्य जागृतीला दिवसभर टोचत राहिलं. कोण बघतं ते तिला चांगलंच ठाऊक होतं. या कामातल्या पहिल्या वर्षी एका नर्सच्या दहा मार्कांपुढे तिने ‘डिस्टिंक्शन’ लिहिलं होतं. मनात वाईट काही नव्हतं, बाईचं भलं व्हावं एवढंच. संस्थेने डेन्मार्कला विचारलं, तिथे असा शेराच नव्हता. नर्सची फाइल संशयास्पद म्हणून बंद झाली. ती ओहायोला कुणा म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेली. जागृतीने माफीचे दोन ईमेल पाठवले. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. पेडागो हा शब्द तिने तसाच ठेवला आणि खाली टीप दिली: साडेतीन वर्षांची पदवी, त्यात वर्षाहून जास्त काळ मुलांसोबत प्रत्यक्ष काम, शाळेतल्या शिक्षकाहून वेगळा पण तितकाच प्रशिक्षित व्यवसाय. ‘तितकाच’ या शब्दापाशी ती बराच वेळ थांबली. ते तिचं स्वतःचं मत होतं, कागदावरचं नव्हे. तिने ‘पण तितकाच प्रशिक्षित’ एवढं खोडलं. मार्कांसाठी डेन्मार्क सरकारचा तक्ता जोडला, बारापासून वजा तीनपर्यंत, प्रत्येकाच्या अधिकृत अर्थासकट. ०२ ते ०२च राहिले. पुढचं शून्य असतं ते कुणी आधी एक लावून दोनाचे बारा करू नयेत म्हणून, हे तिला डॅनिश शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं.

मग तिने अनयाला फोन केला. “त्या तोंडी परीक्षेत काय झालं होतं?”

अनया म्हणाली, “पहिलंच सेमिस्टर. विषय येत होता ताई, डॅनिश येत नव्हतं. परीक्षकांनी विचारलेला प्रश्न तीनदा रिपीट करायला लावला मी. शेवटी लाजेने गप्प बसले.”

“हे मला भाषांतरात घालता येणार नाही. पण फाइलसोबत तू संस्थेला जे पत्र देशील त्यात तुला लिहिता येईल. शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत दहा आहेत तुला, त्याच भाषेत. ते दोन्ही शेजारी शेजारी ठेव.”

“लपवायचं नाही?”

“तूच दाखव. तुझ्या शब्दांत.”

अनयाने पत्र लिहिलं. चार वेळा जागृतीला पाठवलं. जागृतीने फक्त स्पेलिंग पाहिलं.

मे महिन्यात निकाल आला. अनयाची पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरली गेली, पण शिक्षिकेच्या लायसन्ससाठी इथले दोन कोर्स करावे लागणार होते. तोवर एका बालवाडीने तिला सहायक म्हणून घेतलं. अनयाने गाडीतूनच फोन केला. आवाजात आनंद होता, थोडा रागही होता.

“परत शिकायचं म्हणजे वैताग आहे यार,” ती म्हणाली, आणि आपण कुणाशी बोलतोय ते आठवून, “सॉरी ताई.”

“असू दे. पदवीपुढे काय लिहिलंय त्यांनी?”

अनयाने वाचून दाखवलं. साडेतीन वर्षांची पदवी, वर्षाहून जास्त काळ मुलांसोबत प्रत्यक्ष काम, शाळेतल्या शिक्षकाहून वेगळा व्यवसाय. संस्थेने जागृतीची टीप शब्दशः उचलली होती.

“परत वाच,” जागृती म्हणाली. अनयाने परत वाचलं, या वेळी सावकाश.